पासपोर्ट जर्मनीचा, मार्कलिस्ट पुण्याची : डच विद्यापीठांच्या प्रवेश विभागांना खुले पत्र

प्रति,
प्रवेश विभाग,
नेदरलँड्समधली सर्व सार्वजनिक विद्यापीठे.
माहितीसाठी प्रत : शिक्षण, संस्कृती व विज्ञान मंत्रालय, हेग.

विषय : युरोपीय नागरिक असलेल्या, पण युरोपाबाहेर शाळा शिकलेल्या मुलांचे अर्ज.

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्यापैकी एका विद्यापीठाकडे जूनमध्येच गेली आहे. ‘आपला मेल मिळाला, दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ’ असं यंत्राचं उत्तर लगेच आलं. त्याला आज पाच आठवडे झाले. त्या विद्यापीठाचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर बाकीचे सगळे ‘चला, आपण नाही’ म्हणून सुस्कारा सोडतील, आणि मला तेच नको आहे.

मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. तुम्ही हे वाचाल याची मला खात्री नाही, पण कोथरूडमध्ये, बाणेरला, ठाण्याला, नाशिकला ते वाचलं जाईल. नोकरीनिमित्त युरोपात दहा-पंधरा वर्षं काढून परत आलेली घरं इथे बरीच आहेत. माझ्या ओळखीतच चार आहेत. त्या घरांत आईबापांचे पासपोर्ट निळे आणि पोरांचे मरून रंगाचे. पोरं वरणभात खातात, गणपतीत ढोल वाजवतात आणि कागदावर जर्मन, डच नाहीतर आयरिश असतात. त्यांच्या आया मला फोन करून विचारतात, ‘तुमच्या लेकीचं काय झालं हो शेवटी?’ प्रत्येकीला वेगळं सांगून आता घसा बसला.

तर काय झालं ते.

माझे यजमान १९९९ साली श्टुटगार्टला शिकायला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. मी लग्न होऊन मागाहून गेले. आमची लेक नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या रुग्णालयात जन्मली. जर्मनीने १ जानेवारी २००० पासून कायदा बदलला होता. तेव्हाच्या नियमाने आई किंवा वडील आठ वर्षं तिथे कायदेशीर राहिलेले असतील आणि त्यांना कायमच्या वास्तव्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन. आमची आठ वर्षं जेमतेम भरली होती. म्हणजे ही जर्मन झाली ती आमच्या कर्तबगारीने नव्हे, कॅलेंडरने. २०१५ साली सासूबाईंचं आजारपण वाढलं तेव्हा आम्ही पुण्याला परतलो. लेक इथे तिसरीत बसली, पहिले सहा महिने वर्गात कोणाशी बोलली नाही, मग जी बोलायला लागली ती थांबेना. दहावी राज्य मंडळाची, बारावी सायन्सही राज्य मंडळाचीच, फेब्रुवारी-मार्च २०२५.

मी स्वतः जर्मन शिकवते. घराच्या वरच्या खोलीत ए-वन ते बी-टूच्या बॅच चालतात. दरवर्षी माझे पंधरा-वीस विद्यार्थी जर्मनीला जातात, त्यामुळे परदेशी प्रवेशाचे कागद मला नवे नाहीत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आणि इथेच मला पहिल्यांदा खटकलं. माझ्या बॅचमधल्या भारतीय पासपोर्टच्या मुलाला कटकट भरपूर असते, पण यादी एक असते. कागद मोजायचे, टिक करायचे, पाठवायचे. माझ्या मुलीकडे म्हणे ‘चांगला’ पासपोर्ट होता. तिच्यासाठी यादीच नव्हती. खरं तर दोन होत्या, आणि दोन्ही एकमेकींना खोटं पाडत होत्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टुडिलिंकवर, म्हणजे डच विद्यापीठांच्या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावर, तिची नोंदणी केली. अभ्यासक्रम मर्यादित जागांचा होता, म्हणजे तुमच्या भाषेत नुमेरुस फिक्सुस, अंतिम तारीख १५ जानेवारी. पुढचं सगळं विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर. तिथे राष्ट्रीयत्व ‘जर्मन’ निवडलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली : तुम्ही युरोपीय विद्यार्थी आहात. त्याखाली विचारलं, आबिटूर, म्हणजे जर्मनीतली बारावी, कोणत्या राज्याचं? तुमच्याकडे सर्वांत जास्त परदेशी विद्यार्थी जर्मनीतून येतात हे मला माहीत आहे. तेव्हा जर्मन पासपोर्ट दिसला की आबिटूर असणारच, असं तो फॉर्म बांधणाऱ्याने धरून चालणं समजू शकते. पण आबिटूर नाही म्हटल्यावर ‘इतर’ निवडायचं, ‘इतर’मध्ये ‘भारत’ निवडायचं आणि ‘भारत’ निवडल्याबरोबर वरची हिरवी खूण पुसली जायची. आम्ही हा खेळ तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर खेळलो. लेक शेवटी म्हणाली, ‘आई, त्यांच्या लेखी मी एका वेळी एकाच ठिकाणी जन्मू शकते.’

मग सुरू झाले मेल. एका टेबलावरून लिहून आलं की युरोपीय नागरिक असल्याने वैधानिक, म्हणजे सरकारने ठरवलेलं, शुल्क लागू, २०२५-२६ साठी २,६०१ युरो. हे बरोबर होतं. तुमच्या कायद्यात हे शुल्क राष्ट्रीयत्वावर ठरतं, शाळा कुठे झाली यावर नाही. आठवड्याने दुसऱ्या टेबलावरून आलं की निवास परवान्याचा अर्ज आम्ही तुमच्या वतीने करू, त्यासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आमच्या खात्यात आगाऊ भरा. कोणाचा निवास परवाना? युरोपीय नागरिकाला तो लागत नाही. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवायचं, संपलं. २००४ सालच्या ज्या निर्देशावर हे सगळं उभं आहे त्यात विद्यार्थ्याने पुरेसे पैसे असल्याचं स्वतः जाहीर केलं तरी चालेल असं स्पष्ट म्हटलं आहे. मी हे कलमासकट लिहून पाठवलं. उत्तरात एक दुवा आला. तो उघडला तर भारतीय विद्यार्थ्यांसाठीचं व्हिसाचं पान.

आणखी एका टेबलाने युरोपीय आरोग्य विमा कार्डाचा क्रमांक मागितला. तो फॉर्ममध्ये सक्तीचा रकाना होता, रिकामा ठेवला की पुढे जाता येईना. ते कार्ड ज्याचा विमा युरोपातल्या एखाद्या देशात आहे त्याला मिळतं. आमची मेडिक्लेम पुण्याची. शेवटी त्या रकान्यात नऊ शून्यं टाकली आणि फॉर्म खुशीत पुढे गेला. हे मी इथे कबूल करते, कारण मेलमध्येही कबूल केलं होतं आणि कोणी ते वाचलं नाही.

कागदांची गोष्ट वेगळीच. तुम्हाला अपेक्षित गुण, म्हणजे ‘प्रेडिक्टेड ग्रेड’ हवे होते. ज्युनिअर कॉलेजच्या उपप्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, ‘मॅडम, बोर्डाची परीक्षा आहे. आम्ही भविष्य सांगत नाही.’ त्यांचं काय चुकलं? राज्य मंडळाच्या पद्धतीत हा प्रकारच नाही. लाखो मुलं एकच पेपर देतात, उत्तरपत्रिका बाहेर तपासल्या जातात, निकाल मे महिन्यात. शेवटी त्यांनी लेटरहेडवर अकरावीचे गुण लिहून खाली गोल शिक्का मारून दिला. तो कागद तुमच्याकडे ‘अपुरा’ ठरला. त्यात काय कमी आहे असं विचारल्यावर कळलं की ‘पूर्वानुमान’ हा शब्द नाही. मी पुन्हा गेले. उपप्राचार्यांनी शब्द घातला, गुण तेच ठेवले, आणि तो कागद चालला. बारावीच्या ऐन सरावाच्या दिवसांत याला तीन आठवडे गेले.

मग गणिताचा अभ्यासक्रम. ‘कोणते घटक किती तास शिकवले ते शाळेच्या सही-शिक्क्याने द्या.’ मंडळाचं पाठ्यपुस्तक दोन भागांत सर्वांसाठी उघड आहे, पण तास कोण मोजतं? मी शिवाजीनगरला बोर्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी दोन वेळा विचारलं, ‘कोणी मागितलंय म्हणालात?’ दोन्ही वेळा सांगितलं. त्यांनी चहा मागवला. कागद मिळाला नाही.

अंतिम तारखेआधी सगळं गेलं. १४ जानेवारीला रात्री अकराला शेवटची फाईल चढली, इतकं आधी! २७ जानेवारीला कळलं की अर्ज अपूर्ण म्हणून बंद केला आहे. ३० तारखेला तो पुन्हा उघडला, कारण सांगितलं नाही. निवड चाचणी ऑनलाइन होती आणि तिची तारीख आली केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी. तारीख बदलून मागायची सोय होती, पण ती ‘आपल्या देशाच्या राष्ट्रीय परीक्षेशी टक्कर होत असेल तर’. तिथे देश म्हणून जर्मनी आपोआप भरलेला होता, आणि जर्मनीत त्या दिवशी परीक्षा नव्हती. पोरीने साडेसात वाजता लॅपटॉप मिटला, जेवली आणि रात्री दोनपर्यंत केमिस्ट्री केलं.

१५ एप्रिलला क्रमांक लागले. तिचा क्रमांक जागांच्या आत होता.

घरात काय झालं ते सांगत नाही. दोन आठवड्यांत जागा स्वीकारायची असते, ती आम्ही दुसऱ्या दिवशीच स्वीकारली. ५ मेला बारावीचा निकाल लागला, गुण तुमच्या अटीपेक्षा वर होते. मूळ मार्कलिस्ट कॉलेजातून हातात आल्यावर एजंटामार्फत अपोस्टिल करून, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का घेऊन, पाठवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. चार ओळी. तुमचा डिप्लोमा आवश्यक पातळीशी समकक्ष नाही. आपल्याला प्रवेश देता येत नाही. आपल्या पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण ते बहुतेकांना वाटतं ते नाही.

मुलीला नाकारलं याची माझी तक्रार नाही. महाराष्ट्राची बारावी तुमच्या सहा वर्षांच्या, विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या व्हीडब्ल्यूओ शाळेच्या तोडीची नाही असं तुमचं मत असेल, तर तो तुमचा अधिकार. त्यावर वाद घालता येईल, पण ते मत ठेवायला माझी हरकत नाही. माझी हरकत तारखेला आहे. ती महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीला बसली आहे हे तुम्हाला ऑक्टोबरात ठाऊक होतं. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. बारावी ऑक्टोबरात जी होती तीच जूनमध्ये होती. ती समकक्ष नाही हे कळायला मे महिन्याचा निकाल लागत नाही, तिची चाचणी लागत नाही, क्रमांक लागत नाही. एक माणूस आणि दहा मिनिटं लागतात. नाही म्हणायचं होतं तर ऑक्टोबरात म्हणायचं. आम्ही वाईट वाटून घेतलं असतं, दिवाळीचा फराळ केला असता आणि दुसरीकडे अर्ज केला असता. जूनमध्ये नाही म्हणता तेव्हा जर्मनीतल्या काही तारखा आमच्या हातून गेलेल्या असतात, इथल्या कॉलेजांच्या पहिल्या फेऱ्या सुटायला लागलेल्या असतात. आणि जागांच्या आत क्रमांक लागलेली ती एक खुर्ची तुमच्याकडेही एप्रिल ते जून उगीच अडकून पडते. रांगेत मागे उभ्या असलेल्या कोणा डच मुलाचंही त्यात नुकसान झालंच की.

याउलट आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे सरकारी शुल्कमाफीसाठी नुसता पासपोर्ट चालत नाही. गेल्या पाचांपैकी तीन वर्षं युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड किंवा ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं. हा नियम आम्हाला सरळ दाराबाहेर ठेवतो. पण तो एका वाक्यात लिहिलेला आहे. मी तो वाचला, आयर्लंड यादीतून खोडलं, पाच मिनिटं लागली. त्या देशावर माझा काडीचाही राग नाही.

तुमच्या गोंधळाचं मूळ कुठे आहे यावर मी बराच विचार केला. ‘युरोपीय विद्यार्थी’ या दोन शब्दांत तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक नागरिकत्व, दुसरी शाळा. नव्याण्णव मुलांच्या बाबतीत त्या एकत्रच असतात, म्हणून गाठ कोणाला दिसत नाही.

नागरिकत्वाची बाजू कायद्याने पक्की आहे, आणि ती कशी पक्की झाली ती गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. फ्रांस्वाझ ग्राव्हिए नावाची एक फ्रेंच मुलगी बेल्जियममधल्या लिएजच्या कला अकादमीत चित्रकथा काढायला शिकत होती. चित्रकथा, म्हणजे कॉमिक्स! बेल्जियन मुलांना न लागणारं ‘मिनर्व्हाल’ नावाचं शुल्क तिच्याकडे मागितलं गेलं, २४,६२२ बेल्जियन फ्रँक. ती भांडली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि १३ फेब्रुवारी १९८५ ला निकाल लागला की दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाकडून केवळ तो परका म्हणून जास्तीचं शुल्क घेणं हा राष्ट्रीयत्वावरून केलेला भेदभाव आहे. आज युरोपीय संघातला कुठलाही मुलगा संघातल्या शेजारच्या देशात त्या देशाच्या मुलांइतकंच शुल्क भरून शिकतो, त्याच्या मुळाशी कॉमिक्स शिकणारी ही मुलगी आहे. लिएज तुमच्या मास्ट्रिख्ट शहरापासून किती जवळ आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

शाळेची बाजू मात्र वेगळ्या कागदावर उभी आहे. १९९७ चा लिस्बन करार. परदेशी प्रमाणपत्राचं मूल्यमापन न्याय्य पद्धतीने, वाजवी वेळेत करायचं, नाकारलं तर कारण द्यायचं आणि दाद मागायची वाट दाखवायची, असं त्यात आहे. पण तो हक्क करारात सामील देशांच्या प्रमाणपत्रांना. भारत त्यात नाही. म्हणजे माझ्या मुलीच्या पासपोर्टमागे लक्झेंबर्गचं न्यायालय उभं आहे आणि तिच्या मार्कलिस्टमागे कोणीच नाही. कायद्याने कदाचित तुम्ही सुटाल. पण जे तुम्ही रोमानियाच्या किंवा तुर्कस्तानच्या प्रमाणपत्राला कायद्यामुळे देता, ते पुण्याच्या प्रमाणपत्राला निव्वळ रीत म्हणून द्यायला काय हरकत आहे? कारण तर कारण. चार ओळींच्या जागी चौदा.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल आणि माझे यजमान मला बोलतील. (त्यांचं मत आहे की मी हे पत्र लिहूच नये. ‘पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय,’ असं ते म्हणतात. बरोबर आहे, म्हणूनच लिहितेय.)

आम्हाला मिळणारी सवलत आम्ही कमावलेली नाही. माझ्या मुलीच्या बाकावर बसणारी, तिच्याहून सात टक्के जास्त मिळवणारी मैत्रीण तुमच्याकडे आली तर तिला वैधानिक शुल्काच्या कित्येक पट, सहसा दहा हजार युरोंच्या वर, मोजावे लागतील. दोघींमध्ये फरक श्टुटगार्टच्या एका रुग्णालयाचा. डच करदात्याने आमच्या मुलीचा भार का उचलावा, असं कोणी हेगमध्ये विचारलं तर प्रश्न मूर्खपणाचा नाही. आम्ही पंधरा वर्षं कर भरला तो जर्मनीत, तुमच्याकडे एक सेंटही नाही. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात आणायची चर्चा तुमच्या संसदेत गेली काही वर्षं चालू आहे, घरांची टंचाई आम्ही वाचतो. हे प्रश्न संसदेत सोडवा. नियम बदला, आणि बदललेला नियम पानावर लिहा. नियम तसाच ठेवून मुलांना फॉर्मच्या जंगलात दमवायचं, हा संख्या कमी करायचा मार्ग होऊ शकत नाही. मुद्दाम कोणी करतं असं मी म्हणत नाही. परिणाम तोच होतो एवढंच म्हणते.

आणि ‘भारतात का नाही शिकत’ असं विचारणाऱ्या आपल्या लोकांसाठी : शिकतेय. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना इथल्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या जागांवर ढकललं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ ला ती त्या तारखेआधी कार्ड काढलेल्यांना लागू होणार नाही असं सांगितलं. तिचं कार्ड २०१५ चं, म्हणून वाचली. तिच्याहून लहान, नंतर कार्ड काढलेली पोरं वाचणार नाहीत. त्यांच्यासाठी इथलं दार अर्धं बंद आहे आणि तुमचं दार नक्की उघडं आहे की बंद, ते जूनमध्ये कळतं. म्हणून मी हे एका मुलीचं भांडण म्हणून लिहीत नाही.

राहण्याच्या खोलीबद्दल फक्त एकच. तुमच्या गृहनिर्माण पानावर राखीव खोल्या युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि युरोपीय विद्यार्थ्यांना सल्ला असा की एखादा शनिवार-रविवार येऊन प्रत्यक्ष खोल्या पाहा, फसवणूक टळते. सल्ला उत्तम आहे. आमच्याकडून शनिवारी निघणारी गाडी दौंडपर्यंत जाते.

तर आमच्या मागण्या. सवलत मागत नाही, कोटा मागत नाही, गुणांची अट खाली आणा असंही नाही.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची : शालेय प्रमाणपत्राच्या पातळीचा निर्णय निवड प्रक्रियेच्या आधी द्या. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात १५ जानेवारीच्या आत अर्ज घेता, तर १ फेब्रुवारीच्या आत ‘हे प्रमाणपत्र चालतं’, ‘या अटीवर चालतं’ किंवा ‘चालत नाही’ यांपैकी एक लेखी कळवा. गुणांची अट नंतर तपासा, ती निकालानंतरच तपासता येते. पातळी आधी. याला नवीन कायदा लागत नाही, नवीन पैसा लागत नाही.

दुसरी : फॉर्ममध्ये नागरिकत्व आणि शाळा हे दोन प्रश्न वेगळे ठेवा आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला पुसणार नाही एवढं पाहा. शुल्क, व्हिसा, नगरपालिकेची नोंद हे पहिल्यावर ठरू द्या. गुणपत्रक, भाषेची परीक्षा, गणिताचा पुरावा, चाचणीची बदली तारीख हे दुसऱ्यावर. माझ्या मुलीने इंग्रजी माध्यमातून शिकून आयईएलटीएस दिली, त्याबद्दल कुरकुर नाही. ती शाळेवरूनच ठरायला हवी. पण मग व्हिसाची अनामत शाळेवरून ठरवू नका.

तिसरी : नाकारताना कारण द्या. कोणता विषय, कोणतं वर्ष, काय कमी, आणि ते भरून काढायचा मार्ग आहे का, एवढं. पदवीचं एक वर्ष इथे पूर्ण करून आलं तर चालेल का? गणिताची तुमची परीक्षा दिली तर? तुमच्या कायद्यात निर्णयाविरुद्ध दाद मागायला सहा आठवडे असतात. ते आमच्या चार ओळींत लिहिलेलं नव्हतं, मला ते एका डच शेजाऱ्याकडून कळलं, आणि तो शेजारी श्टुटगार्टचा, दहा वर्षांपूर्वीचा.

चौथी : जिथे अपेक्षित गुण देण्याची पद्धतच नाही त्या मंडळांची नावं लिहून ठेवा आणि त्यांच्याकडून दहावीचं गुणपत्रक व अकरावीचा निकाल घ्या. मग उपप्राचार्यांना ज्योतिषी व्हायला लागणार नाही.

पाचवी मंत्रालयाकडे आहे. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पानावर वेगळं लिहितं. एकाच मंडळाची बारावी एकीकडे ‘अटीवर’, दुसरीकडे ‘संपर्क साधा’. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी एक सामाईक यादी लावावी : देश, मंडळ, शाखा, निर्णय. ती कडक असली तरी हरकत नाही.

शंभर युरो अर्जशुल्क भरलं होतं ते परत मागत नाही. पुढच्या अर्जाला तेवढं वळतं केलंत तर घेईन.

लेक सध्या पुण्यातच एका कॉलेजात एफवायला आहे. सकाळी सातची बस पकडते. तुमच्याबद्दल घरात विषय निघाला की ती उठून आत जाते, म्हणून आम्ही काढत नाही. पण परवा तिने स्वतःहून विचारलं, स्टुडिलिंक पुन्हा कधी उघडतं. १ ऑक्टोबरला, मी सांगितलं.

त्यामुळे माझ्या जूनच्या मेलचं उत्तर मला १५ सप्टेंबरच्या आत हवं आहे. प्रश्न एकच आहे आणि मी तो तिथे ठळक अक्षरांत लिहिला आहे : महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावी सायन्स, अधिक पुणे विद्यापीठाचं पदवीचं एक पूर्ण वर्ष, हे तुमच्याकडे चालतं का? हो किंवा नाही. आमच्याकडून या वेळी कागद आधीच तयार आहेत, अपोस्टिलसकट.

कळावे,

आपली,
जर्मन नागरिक असलेल्या एका पुणेकर मुलीची आई
कोथरूड, जुलै २०२५